शेंगदाण्याचे तेल, मालट्रक आणि हमीपत्र

समाजमाध्यमांवर एक कथा वर्षानुवर्षे फिरत असते. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालण्यासाठीच घडवले, खनिज तेलाच्या व्यापाऱ्यांनी ते आपल्याकडे वळवून घेतले, आणि सप्टेंबर १९१३ मध्ये डिझेल बोटीवरून नाहीसे झाले त्यामागेही याच मंडळींचा हात होता. कथा रंगतदार आहे. तिचा पहिला भाग चुकीचा आहे, दुसरा अतिशयोक्त आहे आणि तिसऱ्याला पुरावा नाही.

तरीही ती निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. एखादा ट्रकमालक टाकीत बायोडिझेल भरावे की नाही या विचारात पडतो तेव्हा आजही याच कथेचा दाखला दिला जातो. इंजिनाचा जन्मच वनस्पती तेलासाठी झाला असेल, तर त्याच तेलापासून केलेले इंधन भरल्यावर कंपनी वॉरंटी नाकारते कशी? प्रश्न तर्काला धरून वाटतो. त्याचा पाया मात्र इतिहासात टिकत नाही. लाखमोलाचे इंजिन बिघडले तर खर्च कोणाच्या खिशातून जायचा, हा त्यामागचा खरा वाद आहे, आणि तो निम्मासुद्धा मिटायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आधी कथेचा निकाल लावू.

१८९२ साली डिझेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यांच्या विचारात जी इंधने होती त्यांत कोळशाची भुकटीही होती. १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे जे पहिले यशस्वी इंजिन चालले ते खनिज तेलावर. त्याची थोरवी इंधनात नव्हती, ज्वलनाच्या पद्धतीत होती. हवा इतकी दाबायची की नुसत्या त्या उष्णतेने आत फवारलेले इंधन पेट घेईल. ठिणगीची गरजच उरू नये. इंधनातील चौथ्या हिश्शाहून अधिक ऊर्जा या यंत्रात कामी येत होती. तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते.

शेंगदाण्याच्या तेलाचा प्रसंग १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनातला. तेथे ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. ते बनवले होते खनिज तेलासाठी आणि कोणताही बदल न करता वनस्पती तेलावर चालले, इतके सुरळीत की फार थोड्या लोकांना त्याचा पत्ता लागला. ही हकीकत स्वतः डिझेल यांनीच १९१२ च्या सुमारास नोंदवून ठेवली आहे. कल्पना त्यांची नव्हती, हेही त्यांच्याच लेखनातून कळते. ती फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे आणि कोळसा वा खनिज तेल तेथवर पोहोचवणे खर्चाचे होते. वसाहतीतली यंत्रे वसाहतीतल्याच पिकावर चालावीत, एवढाच त्यामागचा हिशोब. डिझेल यांना पुढे या विषयात रस निर्माण झाला आणि वनस्पती तेलांना भविष्यात मोल येईल असे भाकीतही त्यांनी केले. परंतु ज्या इंधनाला आज हरित म्हणून मिरवले जाते त्याचा उगम पर्यावरणाच्या चिंतेत नाही. साम्राज्याच्या रसदव्यवस्थेत आहे.

पॅरिसचे ते प्रात्यक्षिक थोड्या वेळाचे होते, ही बाब कथा सांगणारे विसरतात. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट किंवा त्याहूनही दाट असते. काही तास त्यावर इंजिन चालते. काही शे तास चालवले की नोझलच्या तोंडाशी काजळीचा कडक थर जमतो, फवारा बिघडतो, न जळालेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि इंजिन ऑइल चिकासारखे घट्ट होत जाते. तळणीच्या कढईच्या कडेला वर्षानुवर्षे साचणारा तो पिवळसर चिकट लेप डोळ्यांसमोर आणला तर आत काय घडत असेल याची कल्पना येईल.

या अडचणीवरचा उपाय एका बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने काढला. ब्रुसेल्स विद्यापीठातील जॉर्ज शावान यांना ३१ ऑगस्ट १९३७ रोजी एक पेटंट मिळाले. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात त्याचा हा खरा जन्मदाखला. वनस्पती तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या एका दांड्याला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. शावान यांनी तेलात अल्कोहोल मिसळून अशी अभिक्रिया घडवली की साखळ्या ग्लिसरिनपासून सुटल्या आणि एकेका अल्कोहोलला जाऊन चिकटल्या. तयार झाले पातळ, डिझेलसारखे वाहणारे एस्टर. ग्लिसरिन जड असल्यामुळे तळाशी बसले आणि वेगळे काढता आले. १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स आणि लुव्हाँ या शहरांदरम्यान प्रवाशांची एक बस या इंधनावर धावली. तेल होते पामचे, म्हणजे बेल्जियन काँगोचे. पुन्हा वसाहतच.

तळाशी बसणाऱ्या त्या ग्लिसरिनकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. ते पूर्णपणे काढले गेले नाही तर काय होते, याचा धडा सदुसष्ट वर्षांनी अमेरिकेतील एका थंडगार राज्याला मिळाला.

महायुद्धानंतर खनिज तेल इतके स्वस्त झाले की शावान यांचे पेटंट विस्मरणात गेले. १९७३ च्या तेलसंकटाने ते विस्मरण संपवले. वर्णभेदी धोरणामुळे तेलबंदीला तोंड देणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील शेतकी अभियंत्यांनी सूर्यफुलाच्या तेलाचे एस्टर ट्रॅक्टरमध्ये वापरून पाहिले. ब्राझीलच्या सेआरा राज्यात एक्स्पेदितो पारेंते यांनी स्वतंत्रपणे याच वाटेने प्रयोग केले आणि १९८० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतील फार्गो येथे वनस्पती तेलांच्या इंधनावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कच्चे तेल इंजिन बिघडवते आणि एस्टर बिघडवत नाही, याबद्दल या काळापासून जाणकारांत फारसा वाद उरला नाही.

मग इंजिन बनवणाऱ्यांनी लगेच मान का डोलावली नाही? कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता. प्रयोगशाळेत तयार केलेले एस्टर चांगले असेलही. पंपावर त्याच नावाने जे विकले जाईल ते नेमके काय असेल? डिझेलची व्याख्या मानकांनी बांधलेली होती. किती दाट, किती गंधक, किती पाणी, कोणत्या तापमानाला पेट घेणारे. बायोडिझेलला अशी व्याख्याच नव्हती. एखाद्या शेतकऱ्याने गोठ्यामागे पिंपात ढवळून केलेला द्रवही बायोडिझेल आणि कारखान्यात शुद्ध केलेलाही बायोडिझेलच. ज्या पदार्थाची व्याख्या नाही त्याची जबाबदारी कोण घेणार?

पहिली व्याख्या ऑस्ट्रियाने केली. १९९१ साली तेथे रेपसीडच्या तेलापासून केलेल्या मिथाइल एस्टरसाठी जगातले पहिले मानक जाहीर झाले. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीची युरोपीय चुलत बहीण. पुढे जर्मनीनेही मानक बनवले आणि लगोलग फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांनी आपली काही वाहने शंभर टक्के बायोडिझेलवर चालवण्यास परवानगी दिली. आधी मानक, मग परवानगी. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जर्मनीतील हजारो मालट्रक त्यानंतर शुद्ध बायोडिझेलवर धावले. करसवलतीमुळे ते स्वस्त पडत होते. ऑगस्ट २००६ पासून त्यावर कर बसू लागला, आणि ट्रकवाल्यांनी जितक्या उत्साहाने हे इंधन जवळ केले होते तितक्याच सहजपणे ते सोडूनही दिले.

अमेरिकेत सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १९९२ मध्ये आपले राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. त्या देशात सोयाबीनची पेंड जनावरांना लागते आणि तेल मात्र साचून राहते, हे त्यामागचे कारण. १९९८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारी व काही खासगी वाहनताफ्यांना वीस टक्के बायोडिझेल असलेल्या मिश्रणाचे श्रेय मिळू लागले. या मिश्रणाला बी-२० म्हणतात. शुद्ध इंधन ते बी-१००. वीस हा आकडा इतका रुजला त्यात रसायनशास्त्राइतकाच या कायद्याचा वाटा आहे.

इंजिन-उत्पादक आणि इंधन फवारणारे पंप बनवणाऱ्या कंपन्या मात्र २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाच टक्क्यांच्या पुढे जायला तयार नव्हत्या. त्याला सबळ कारण होते. याच काळात ट्रकच्या इंजिनांत इंधनाचा दाब दीड हजार पटींहून अधिक वातावरणदाबापर्यंत चढला होता. एवढ्या दाबाने काम करणाऱ्या इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. १९७० च्या दशकातला ट्रॅक्टर जे पचवत असे ते या नाजूक यंत्रणेला पचणारे नव्हते.

येथे वॉरंटी या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा गोंधळ त्याच्याभोवती आहे. 'बायोडिझेल भरले की वॉरंटी रद्द होते' हे वाक्य अमेरिकेतील प्रत्येक ट्रक-थांब्यावर ऐकू येत असे. ते जसेच्या तसे खरे नाही. वॉरंटी म्हणजे उत्पादकाने आपल्या मालाबद्दल आणि कारागिरीबद्दल दिलेला शब्द. पिस्टनचे ओतकाम सदोष निघाले तर खर्च कंपनीचा. इंधनामुळे नुकसान झाले तर तो खर्च कंपनीचा कधीच नव्हता. मग ते इंधन बायोडिझेल असो की पाणी शिरलेले साधे डिझेल. अशा वेळी दाद मागायची ती इंधन विकणाऱ्याकडे. उलट, टाकीत बी-२० आहे एवढ्यावरून, त्याच्याशी संबंध नसलेल्या बिघाडाचा दावा फेटाळणेही योग्य नव्हते. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाला अशा बाबतीत बरेच संरक्षण देतो. परंतु तो घरगुती वापराच्या वस्तूंसाठी आहे. शेतकऱ्याची पिकअप त्याच्या कक्षेत येईल; अठरा चाकी मालट्रक हे मुळात धंद्याचे साधन, त्याच्या मालकाला करारातल्या बारीक अक्षरांवरच विसंबावे लागे.

आणि व्यवहारात नियमापेक्षा पुरावा महत्त्वाचा ठरतो. इंजेक्टर खराब झाला. दोष कारागिरीचा की इंधनाचा? कंपनी म्हणणार इंधनाचा. पंपवाला म्हणणार, आमचे इंधन मानकाप्रमाणे होते, टाकीत तुम्हीच काही मिसळले असेल. दोघांच्या मध्ये उभा असतो कर्जाचे हप्ते भरणारा ट्रकमालक. त्याची गाडी उभी आहे, भाडे बुडाले आहे, आणि ज्या इंधनाने घात केला ते कधीच जळून गेले आहे.

हा पेच मिनेसोटा राज्यात उघड्यावर आला.

मिनेसोटा कॅनडाच्या सीमेला लागून आहे. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. सोयाबीन हे राज्याचे मोठे पीक. २००२ मध्ये राज्याने कायदा केला की विकल्या जाणाऱ्या जवळपास सर्व डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल असलेच पाहिजे; अट एवढीच की राज्यातच वर्षाला ऐंशी लाख गॅलन बायोडिझेल बनवण्याची क्षमता आधी उभी राहावी. ती राहिली, आणि २९ सप्टेंबर २००५ रोजी कायदा अमलात आला. अमेरिकेतील कोणत्याही राज्याने अशी सक्ती करण्याची ही पहिलीच वेळ. तारीख निवडणाऱ्यांनी एक गोष्ट फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. नवे कारखाने नुकतेच सुरू झाले होते आणि हिवाळा तोंडावर आला होता.

दोन टक्के म्हणजे नगण्य, असे कोणालाही वाटेल. शिवाय त्याचा एक फायदाही होता. डिझेलमधील गंधक काढून टाकले की त्याचा अंगभूत वंगणगुण कमी होतो आणि इंधनपंप झिजतो. दोन टक्के बायोडिझेल तो गुण भरून काढते. सगळे हिशोब कागदावर जुळत होते.

थंडी पडू लागली तसे ट्रक रस्त्याच्या कडेला थांबू लागले. फिल्टर तुंबत होते. चालक ते बदलत, थोडे अंतर जात, पुन्हा तुंबत. उणे तापमानात मोकळ्या महामार्गावर इंजिन बंद पडणे ही गैरसोय नसते, ते जिवावरचे संकट असते. ट्रकमालकांच्या संघटनेने सक्ती थांबवण्याची मागणी केली. २३ डिसेंबर २००५ रोजी राज्याने कायद्याला तात्पुरती स्थगिती दिली आणि नंतर ती १० फेब्रुवारीपर्यंत वाढवली.

तपासात बाजारात आलेला काही माल मानकात बसत नसल्याचे आढळले. त्यात ग्लिसरिनचे प्रमाण जास्त होते. अभिक्रिया अर्धवट राहिली किंवा धुलाई नीट झाली नाही की ग्लिसरिनला अजून एखादी साखळी चिकटलेले रेणू इंधनात शिल्लक राहतात. उन्हाळ्यात ते विरघळलेले असतात, दिसत नाहीत. गारठ्यात त्यांचे कण होऊन फिल्टरच्या कागदावर बसतात. सारा दोष बायोडिझेलचा होता असेही नाही; कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेणही गोठते, आणि काही फिल्टरांत तेच सापडले. पण ज्याची गाडी उभी राहिली त्याला रेणूंचा निवाडा नको होता. गेल्या वर्षीपर्यंत गाडी चालत होती, यंदा सरकारने टाकीत काहीतरी घालायला लावले आणि ती बंद पडली, हा त्याचा सरळ हिशोब होता. तो अन्यायाचा म्हणता येणार नाही. बी-२० भरायचे की नाही हे मालक स्वतः ठरवू शकतो; दोन टक्क्यांच्या सक्तीत त्याला निवडच उरली नव्हती, आणि धोका मात्र त्याच्याच पदरात होता.

अमेरिकेत तेव्हा मानक नव्हते असे समजू नये. एएसटीएम या संस्थेने डी ६७५१ हे मानक २००१ च्या अखेरीसच मंजूर केले होते. मानक होते, ते पाळले जाते की नाही हे पाहणारे पुरेसे कोणी नव्हते. २००६ मध्ये राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने देशभरातून बी-१०० चे नमुने गोळा केले. ५९ टक्के नमुने मानकात नापास झाले, आणि सर्वांत मोठे कारण होते ग्लिसरिन. इंजिन-कंपन्या वर्षानुवर्षे ज्या शंकेने मागे हटत होत्या ती या एका आकड्याने खरी ठरवली. त्या तेलउद्योगाच्या दबावाखाली बायोडिझेलला विरोध करतात असे म्हणणाऱ्यांजवळ याला उत्तर नव्हते.

ही नामुष्की उद्योगाच्या कामी आली. उत्पादक आणि वितरकांची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी बीक्यू-९००० ही योजना होतीच. आता तिला वजन आले. पुढच्याच पाहणीत चित्र पालटले, बाजारातील मालापैकी बहुतांश मानकात बसू लागला. २००८ मध्ये मानकात एक नवी चाचणी घातली गेली, जी थेट मिनेसोटाच्या अनुभवातून आली होती. नमुना सोळा तास गारठ्यात ठेवायचा, नंतर खोलीच्या तापमानाला आणायचा आणि बारीक फिल्टरमधून गाळायचा. ३६० सेकंदांत गाळून झाला तर पास. इतकी साधी चाचणी आधी कोणाला सुचली नव्हती, याचे नवल वाटते.

२००७ साली कमिन्स या मोठ्या इंजिन-कंपनीने आपल्या २००२ नंतरच्या अनेक ट्रक-इंजिनांत बी-२० वापरण्यास संमती दिली. संमतीला अटी होत्या. इंधन मानकाचे असावे, प्रमाणित पुरवठादाराकडून घ्यावे, सुरुवातीला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावेत, साठा फार काळ ठेवू नये. फिल्टरच्या अटीमागे एक गमतीचे कारण आहे. बायोडिझेल चांगले द्रावक असते. जुन्या टाकीच्या तळाशी साचलेला गाळ ते धुऊन काढते आणि तो सगळा फिल्टरमध्ये आणून टाकते. नवे इंधन भरल्यावर पहिल्याच आठवड्यात फिल्टर तुंबला की बदनामी होते बायोडिझेलची; घाण मात्र आधीच्या डिझेलची असते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीही २०११ च्या आपल्या मोठ्या डिझेल पिकअपसाठी बी-२० मान्य केले.

वाद येथे मिटला असता, परंतु इंजिन बदलले. २००७ पासून अमेरिकेत नव्या ट्रकच्या धुराचे नियम फार कडक झाले आणि धुरांड्यात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर बसला. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. काही इंजिनांत त्यासाठी ज्वलन संपत आल्यावर सिलिंडरमध्येच थोडे जादा इंधन फवारतात. त्यातला काही अंश भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. साधे डिझेल गरम ऑइलमधून बरेचसे उडून जाते. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू उंच, ते तेथेच मुक्काम करते आणि ऑइल पातळ होत जाते. ज्या ट्रकमध्ये जादा इंधन सिलिंडरऐवजी धुरांड्याच्या नळीत फवारले जाते त्यांना हा त्रास होत नाही. म्हणजे एकाच वर्षी बनलेल्या दोन ट्रकांना एकच इंधन वेगवेगळे लागू पडते. बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकातून उरणाऱ्या सोडियम-पोटॅशियमची राख ही आणखी एक चिंता. अमेरिकी नियमांनुसार जड ट्रकची धूर-शुद्धीकरण यंत्रणा ४,३५,००० मैल, म्हणजे सुमारे सात लाख किलोमीटर, टिकावी लागते. एवढ्या पल्ल्यात दशलक्षातले चार-पाच भागही साचून त्रासदायक ठरू शकतात. म्हणून या धातूंवर दशलक्षात पाच भाग अशी मर्यादा आहे.

भारताने नेमक्या याच काळात बायोडिझेलचे मोठे स्वप्न पाहिले. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेसचे इंजिन पाच टक्के बायोडिझेलवर चालवून पाहण्यात आले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने जट्रोफाच्या, म्हणजे आपल्याकडच्या मोगली एरंडाच्या बियांपासून केलेल्या बायोडिझेलवर मर्सिडीज मोटारी हजारो किलोमीटर धावल्या. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये पडीक जमिनीवर मोगली एरंड लावण्याची योजना मांडली, आणि पुढे २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. महाराष्ट्रातही बांधावर आणि माळावर रोपे लागली. पाण्याविना झाड जगते, पण पाण्याविना बी धरत नाही, हे कळेपर्यंत वर्षे गेली. २०१८ च्या धोरणात उद्दिष्ट २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आले. मानक मात्र आपल्याकडे २००५ पासून आहे, आयएस १५६०७. नाव आणि माल यांतली फारकत येथेही दिसली. गुजरातेत बायोडिझेल म्हणून भलतेच औद्योगिक तेल विकणाऱ्या पंपांवर २०२० नंतर मोठ्या कारवाया झाल्या. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांना डीपीएफ असतो. स्वस्ताच्या मोहाने असे तेल भरणाऱ्याच्या बाजूने कोणतेही हमीपत्र बोलत नाही.

दरम्यान फिनलंडमधील नेस्ते कंपनीने वेगळा मार्ग धरला. २००७ मध्येच पोर्वो येथे सुरू झालेल्या तिच्या कारखान्यात वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजनच काढून टाकला जातो. जे उरते ते रासायनिकदृष्ट्या डिझेलच असते, एस्टर नव्हे. डिझेलच्या मानकात बसते म्हणून वॉरंटीचा वाद उद्भवतच नाही. कॅलिफोर्नियात आज हे इंधन मोठ्या प्रमाणावर जळते. कारखाना मात्र अवाढव्य भांडवलाचा. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला तो परवडणारा नाही.

आणि युरोपात आजही सर्वसाधारण डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंतच बायोडिझेल चालते, तर इंडोनेशियात त्याच्या कितीतरी पट. यात रसायनशास्त्र थोडे आणि बाजार जास्त आहे. पामतेलाच्या या सर्वांत मोठ्या उत्पादक देशात सरकारनेच मिश्रण ठरवले. जो कारखानदार तेथे ट्रक विकू इच्छितो त्याला त्याच इंधनावर चालणारा ट्रक द्यावा लागतो. पण तेथेही सक्तीआधी गाड्या रस्त्यावर पळवल्या गेल्या. २०१९ मध्ये बी-३० भरलेले ट्रक आणि मोटारी हजारो किलोमीटर चालवण्यात आल्या. काही गाड्या जावा बेटावरच्या दिएंग पठारावर नेल्या. पामचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढुळते, आणि सुमारे दोन हजार मीटर उंचीच्या त्या पठारावर रात्री चांगलाच गारठा पडतो. गाड्या तेथे दिवसेंदिवस उभ्या ठेवून मग किल्ली फिरवून पाहिली. जानेवारी २०२० पासून बी-३० सक्तीचे झाले, २०२३ मध्ये बी-३५ आणि २०२५ मध्ये बी-४०.